आचेकडे लक्ष कोणाचं?

पाव किलो हरभरे प्रेशर कुकरमध्ये पाऊण तासात शिजतात आणि स्लो कुकरमध्ये त्यांना सात-आठ तास लागतात. एवढेच दोन आकडे समोर ठेवले तर स्लो कुकर विकत घेण्याचं कोणालाही काही कारण उरत नाही. पण त्या पाऊण तासात घरातलं कोणीतरी ओट्याच्या आसपास बांधलेलं असतं. शिट्ट्या मोजायच्या असतात, तिसरीनंतर आच कमी करायची असते, वाफ जिरेपर्यंत थांबायचं असतं आणि झाकण उघडल्यावर दाणा बोटांत दाबून पाहायचा असतो. स्लो कुकरच्या सात-आठ तासांत यातलं काहीच नसतं. रात्री भांडं भरून झोपावं किंवा सकाळी भरून कामाला जावं, पदार्थ आपला शिजत राहतो. स्वयंपाकाचा हिशेब आपण मिनिटांत करतो, पण त्यात सर्वांत महाग असते ती देखरेख, आणि ती मिनिटांच्या हिशेबात दिसत नाही. स्लो कुकरचं मोल जोखायचं तर ते या देखरेखीच्या मापानेच जोखावं लागेल. तसं जोखलं तर मराठी स्वयंपाकघरात त्याला मोजक्या पदार्थांपुरती, पण पक्की जागा आहे, हे मला या लेखात मांडायचं आहे.

यंत्र अगदी साधं आहे. बाहेर धातूचं कवच, आत चिनी मातीचं जाड भांडं, वर बहुधा काचेचं झाकण. तापणारी तार भांड्याच्या तळाखाली एकवटलेली नसते. बहुतेक बनावटींत ती कडेने गुंडाळलेली असते, म्हणून पदार्थ बुडाला लागत नाही. घरगुती आकाराचा स्लो कुकर साधारण १०० ते २५० वॅट वीज घेतो. इस्त्री किंवा गीझरच्या तुलनेत हे अगदी थोडं आहे. ‘लो’ आणि ‘हाय’ ही दोन बटणं दोन वेगळ्या आचेची आहेत असा समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक कुकरमध्ये दोन्हींचा शेवटचा मुक्काम एकच, म्हणजे उकळीच्या जरा खाली असतो. फरक पडतो तो तिथे पोहोचायला लागणाऱ्या वेळात. झाकणाच्या कडेला वाफेचं पाणी साचून ते भांडं जवळजवळ बंद करतं, त्यामुळे पाणी आटत नाही. या एका गुणातून पुढचं सगळं ठरतं. जिथे पाणी आटवायचं असतं तिथे हे यंत्र निरुपयोगी आहे, आणि जिथे ओलसर उष्णतेत तासन् तास मुरवायचं असतं तिथे त्याच्यासारखं दुसरं साधन नाही.

त्याचा जन्मही देखरेखीच्याच अडचणीतून झाला. अर्व्हिंग नॅक्सन हे शिकागोचे अभियंते. त्यांच्या आईचं बालपण लिथुआनियातल्या विल्ना शहरात, ज्यू वस्तीत गेलं होतं. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत सब्बाथ. त्या काळात चूल पेटवायची नाही, काम करायचं नाही. म्हणून शुक्रवारी दुपारी घराघरांतून घेवडा, बटाटे, जव आणि जमल्यास मांस घातलेली भांडी गावातल्या बेकरीत पोहोचवली जात. पाव भाजून झाल्यावर भट्टीत जी धग उरे, तिच्यावर हे ‘चोलंट’ रात्रभर शिजे आणि दुसऱ्या दिवशी गरमागरम जेवण मिळे. आईकडून ऐकलेल्या या हकिकतीवरून नॅक्सन यांनी विजेवर चालणारं भांडं तयार केलं. पेटंटसाठी अर्ज १९३६ मध्ये केला, ते १९४० मध्ये मिळालं. सब्बाथची ही शिस्त मराठी मुलखालाही परकी नाही. कोकणातले बेने इस्राएली तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून शेजारचे लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. मुंबई-कोलकात्यात स्थायिक झालेल्या बगदादी ज्यूंच्या घरीही शनिवारसाठी कोंबडी आणि तांदळाचं भांडं रात्रभर मंद धगीवर ठेवण्याची रीत होती. जगात जिथे जिथे माणसाला चुलीपासून दूर राहायचं होतं किंवा राहावं लागलं, तिथे त्याने उरलेल्या धगीचा असा उपयोग करून घेतला आहे.

नॅक्सन यांचं भांडं बरीच वर्षं मुख्यतः घेवड्याच्या दाण्यांसाठी विकलं जात होतं. १९७० मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने त्यांचा व्यवसाय घेतला, पदार्थ करून पाहिले, भांड्याला नवं रूप दिलं आणि १९७१ मध्ये ते ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणलं. पहिल्या वर्षी विक्री सुमारे २० लाख डॉलरची झाली. १९७५ पर्यंत ती ९ कोटी डॉलरच्या पुढे गेली. एवढी झेप एखाद्या पदार्थाच्या चवीमुळे घेता येत नाही. त्याच दशकात अमेरिकेतल्या विवाहित स्त्रिया मोठ्या संख्येने घराबाहेर नोकरीला जाऊ लागल्या होत्या, आणि इंधन महागल्यामुळे कमी विजेवर चालणाऱ्या वस्तूंना मागणी होती. सकाळी भरून संध्याकाळी वाढता येईल असं भांडं नेमकं तेव्हा हाताशी आलं. मेबल हॉफमन यांचं ‘क्रॉकरी कुकरी’ हे पाककृतींचं पुस्तक १९७५ मध्ये निघालं आणि तडाखेबंद खपलं. पुढे भारतीय स्वयंपाकानेही हे भांडं आपलंसं केलं. शिकागोत राहणाऱ्या अनुपी सिंगला यांचं ‘द इंडियन स्लो कुकर’ हे पुस्तक २०१० मध्ये आलं. परदेशातल्या मराठी घरांतही हे भांडं ओळखीचं आहे. मराठी घरांना त्याचं परकेपण वाटण्याचं खरं तर कारण नव्हतं, कारण आपल्याकडे हेच काम करणारी जागा चुलीतच होती.

चुलीला पुढे मुख्य तोंड आणि मागे किंवा बाजूला वैल. मुख्य तोंडावर भाकरी, आमटी, भात होत असताना वैलावर दुधाचं पातेलं, अंघोळीचं पाणी किंवा डाळीचं भांडं असे. वैलाला वेगळं जळण लागत नसे आणि वेगळं लक्षही लागत नसे. स्वयंपाक आटोपल्यावर निखाऱ्यांवर राख ओढली की त्या फुफाट्यात कांदे, रताळी भाजली जात, आणि साय जाड यावी म्हणून दूध तासन् तास तसंच राही. म्हणजे मंद आच ही मुद्दाम करायची गोष्ट नव्हती, ती चुलीबरोबर आपोआप मिळत होती. गॅसने ही सोय संपवली. गॅसची कळ फिरवली की ज्योत जाते आणि तिच्याबरोबर उष्णताही जाते. मागे निखारा उरत नाही. मंद आच हवी तर ज्योत तासन् तास जळती ठेवायची, सिलिंडर रिकामा करायचा आणि वर तिथे लक्षही ठेवायचं. भारतात प्रेशर कुकरचं मोठं उत्पादन १९५९ च्या सुमारास सुरू झालं आणि गॅसच्या शेगडीबरोबर तो घरोघर पोहोचला. त्याने वेळेचा प्रश्न सोडवला आणि लाखो घरांना धुरातून, ताटकळण्यातून सोडवलं. हे ऋण मोठं आहे. पण वैल जे करत होता ते काम त्याने घेतलं नाही. तेव्हापासून आपल्या ओट्यावर झटपट शिजवण्याची सोय आहे, सावकाश शिजवण्याची नाही.

ही उणीव भारतात कोणाच्या ध्यानात आली नव्हती असं नाही. १९१० मध्ये बंगालमधले डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी ‘इकमिक कुकर’ तयार केला होता. उभ्या नळकांड्यात खाली कोळशाची छोटी शेगडी आणि वर डब्यावर डबे. भात, डाळ, भाजी, मांस एकदम रचायचं, कोळसा पेटवायचा आणि आपल्या कामाला निघून जायचं. एकट्याने राहणारे नोकरदार, विद्यार्थी आणि प्रवासी यांचा तो सोबती झाला. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी उभारलेल्या ‘आरती’ या संस्थेने त्याच वाटेवर पुढचं पाऊल टाकलं. उसाच्या शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या पाचटापासून कोळसा करण्याच्या कामासाठी या संस्थेला २००२ मध्ये ॲश्डन पुरस्कार मिळाला. त्याच कोळशाच्या कांड्यांवर चालणारा त्यांचा ‘सराई’ कुकर साधारण १०० ग्रॅम कोळशात एका कुटुंबाचा वरण-भात शिजवतो. मल्लिकांचा कोळसा, आरतीचं पाचट आणि नॅक्सन यांची वीज यांत इंधनं वेगळी असली तरी मागणं एकच होतं: अन्न शिजत असताना माणूस मोकळा असावा.

सावकाश शिजवण्याने पदार्थात नेमकं काय होतं, हे कळलं की कुठला पदार्थ या भांड्यात घालायचा हे आपोआप ठरतं. बकऱ्याच्या खांद्याच्या, मांडीच्या, नडगीच्या मांसात कोलॅजन नावाचा चिवट धागा भरपूर असतो. ओलसर उष्णतेत तो हळूहळू विरघळून जिलेटिन होतो. रश्श्याला येणारा दाटपणा आणि ओठांना लागणारा चिकटपणा हे त्याचंच काम. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं, त्यामुळे हे लवकर घडतं, पण दोन शिट्ट्या जास्त झाल्या की मांसाचे धागे सुटून त्यांचा चोथा होतो. नव्वदीच्या घरातल्या तापमानात तीच क्रिया सात-आठ तास चालते आणि अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे झाल्याने बिघडत नाही. कडधान्याचंही तसंच. दाण्यातलं पेक्टिन सैल पडून पेशी एकमेकींपासून सुटल्या की दाणा मऊ होतो. सावकाश शिजलेला हरभरा किंवा वाटाणा साल न फुटता आतून लोण्यासारखा होतो; प्रेशर कुकरमध्ये बऱ्याचदा काही दाणे फुटतात आणि काही टणक राहतात. याउलट पालेभाजी, भेंडी, मासे, मोकळा भात यांना या भांड्यात कामच नाही. त्यांचा लगदा होतो. तूरडाळीच्या रोजच्या वरणासाठी प्रेशर कुकरच उत्तम, तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. बासुंदी, खवा, सुकी भाजी ही पाणी आटवायची कामं, तीही कढईचीच.

मग उरतं काय? उरतं ते आपल्याकडचं खास, आणि एरवी वेळ नाही म्हणून मागे पडत चाललेलं. सोप्यात सोपा पदार्थ कोल्हापूर-सांगलीकडचा अख्खा मसूर. दीड वाटी मसूर तीन-चार तास भिजवून, दहा मिनिटं उकळून, साडेचार वाट्या गरम पाण्याबरोबर भांड्यात घालावा. कांदा, आलं-लसूण आणि कांदा-लसूण मसाला तेलात खरपूस परतून त्यात मिसळावा आणि ‘लो’वर सहा-सात तास विसरून जावं. टोमॅटो शेवटच्या तासात घालावा, कारण आंबट पदार्थ सुरुवातीला पडला तर दाण्याची साल चामट राहते. याच कारणाने काळ्या वाटाण्याच्या आमटीत कोकमं शेवटी घालायची. वाटाणे रात्रभर भिजवावेत, ते पाणी टाकून द्यावं, नव्या पाण्यात उकळी आणून दहा-पंधरा मिनिटं खळखळू द्यावेत आणि मग आठ तास ‘लो’वर ठेवावेत. सुकं खोबरं आणि कांदा भाजून केलेलं वाटण, मालवणी मसाला आणि कोकमं शेवटच्या अर्ध्या तासात. पठारावर बऱ्याच गावांत विहिरीचं, बोअरचं पाणी जड असतं. त्यातला चुना दाणा मऊ होऊ देत नाही. तिथे भिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की काम होतं.

मांसाहारात पहिला मान पायांचा. बकऱ्याचे चार पाय भाजून, स्वच्छ करून एकदा उकळून ते पाणी फेकायचं. मग बुडेल एवढं नवं गरम पाणी, हळद, आलं-लसूण, मिरी आणि मीठ घालून रात्रभर, म्हणजे नऊ-दहा तास ‘लो’वर ठेवायचे. सकाळी हाडं मोकळी झालेली असतात आणि रस्सा थंड केला तर थिजतो, एवढं जिलेटिन त्यात उतरलेलं असतं. आजारातून उठलेल्या माणसाला किंवा बाळंतिणीला हा रस्सा द्यायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे; त्यासाठी कोणी पहाटे उठून चुलीपाशी बसायला नको. मटणाच्या रश्श्यात वाटण आधी तेल सुटेपर्यंत भाजून घ्यायचं आणि पाणी नेहमीच्या निम्मं घालायचं, कारण मटणाचं पाणी सुटतं आणि ते आटत नाही. गोडात खपली गव्हाच्या खिरीइतका या भांड्याला शोभणारा पदार्थ नाही. सडलेला, जाडसर भरडलेला खपली रात्रभर भिजवून चौपट पाण्यात सात-आठ तास ‘लो’वर ठेवला की दाणा फुलतो. मग गूळ, नारळाचं दूध, वेलची, जायफळ आणि तूप. गाई-म्हशीचं दूध शिजताना घालू नये, गुळाबरोबर ते फाटतं. वाढताना वरून घ्यावं. ज्वारीच्या कण्या आणि सडलेल्या बाजरीचा मूगडाळ घातलेला खिचडा हेही असेच. भरडधान्यं खा असं आज सगळे सांगतात, पण ती सावकाश शिजतात आणि ढवळत बसावं लागतं, ही त्यांची खरी अडचण कोणी सोडवत नाही. हे भांडं ती सोडवतं.

सोयीबरोबर काही जबाबदाऱ्या येतात आणि त्यांत सूट नाही. पहिली राजम्याची. लाल राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. खळखळत्या उकळीत ते नष्ट होतं. पण ८० अंशांच्या आसपास नुसतं कोमट-गरम राहिलं तर दाण्याचा विषारीपणा कच्च्यापेक्षाही वाढू शकतो. चार-पाच अर्धेकच्चे दाणेसुद्धा उलट्या-जुलाबाला पुरतात. म्हणून राजमा किमान पाच तास भिजवून, पाणी बदलून, कमीत कमी दहा मिनिटं आणि शक्यतो अर्धा तास शेगडीवर उकळल्याशिवाय स्लो कुकरमध्ये घालायचाच नाही. मी तर म्हणेन, सगळ्याच कडधान्यांना उकळीचा नियम लावावा. लक्षात ठेवायला सोपा आणि चुकायला जागा नाही. दुसरी जबाबदारी तापमानाची. ५ ते ६० अंश या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात, तेव्हा पदार्थाने तो पट्टा लवकर ओलांडला पाहिजे. त्यासाठी पाणी गरम घालायचं, फ्रीजरमधलं गोठलेलं मांस तसंच टाकायचं नाही, भांडं निम्म्यापेक्षा कमी आणि दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरायचं नाही, आणि सारखं झाकण उघडून पाहायचं नाही. एकदा उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला पंधरा-वीस मिनिटं जातात. टायमर लावून कच्चं मटण तासन् तास बाहेर ठेवणं तर सपशेल चूक. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात एक तासही फार. शिळं अन्नही यात गरम करू नये, ते शेगडीवर उकळावं. आणखी एक गोष्ट परदेशात नातेवाईक असणाऱ्यांसाठी: अमेरिकेतून आणलेला कुकर ११० ते १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट लावला तर ठरल्यापेक्षा सुमारे चौपट वीज ओढेल, जळेल आणि आगही लागू शकेल.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला खर्चाचा, आणि त्यात तथ्य आहे. ढोबळ हिशेब करून पाहू. एक किलो एलपीजीत सुमारे पावणेतेरा युनिट विजेइतकी उष्णता असते. लहान बर्नर मध्यम आचेवर तासाला १०० ग्रॅमच्या आसपास गॅस घेतो असं धरलं, तर चाळीस मिनिटांच्या प्रेशर कुकरला साधारण ७० ग्रॅम लागतो. तेच हरभरे पातेल्यात झाकून, निम्म्या आचेवर तीन तास शिजवले तर १५० ग्रॅम. स्लो कुकर १५० वॅटने आठ तास चालला तर १.२ युनिट. गॅस ६० रुपये किलो आणि वीज १० रुपये युनिट धरली तर हे अनुक्रमे चार, नऊ आणि बारा रुपये होतात. म्हणजे पैशाच्या बाजूने प्रेशर कुकर स्पष्ट जिंकतो, आणि स्लो कुकर काटकसर करतो असं कोणी सांगत असेल तर आपल्याकडच्या दरांत ते खरं नाही. पण हा बारा रुपयांचा खर्च आठवड्यातून एक-दोनदा करायचा आहे, आणि त्याच्या बदल्यात मिळते ती देखरेखीतून सुटका. ती विकत घ्यायची की नाही, हा प्रत्येक घराने आपापल्या ऐपतीनुसार ठरवायचा प्रश्न आहे. पण तो प्रश्न असा मांडला तरच निर्णय नीट होईल.

दुसरा आक्षेप विजेचा. ज्या गावांत दिवसातून काही तास वीज जाते तिथे आठ तास चालणारं यंत्र काय कामाचं? तिथे ते खरंच धोक्याचं आहे. वीज गेल्याने पदार्थ दोन तासांहून जास्त वेळ ६० अंशांच्या खाली राहिला असेल तर तो टाकून द्यावा लागेल. पण तिथे विजेविना चालणारी युक्ती आहे, आणि ती फार जुनी आहे. १८६७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात नॉर्वेची आतून जाड अस्तर लावलेली पेटी मांडली होती. उकळतं भांडं तिच्यात बंद केलं की आतल्याच उष्णतेवर पदार्थ शिजून निघे. दोन्ही महायुद्धांत इंधन वाचवायला युरोपातल्या घरांनी गवत भरलेली अशी खोकी वापरली. आपल्याकडे भिजवलेले मूग, मटकी, भरड किंवा कण्या दहा-पंधरा मिनिटं खळखळ उकळून, झाकण न उघडता भांडं दोन जाड गोधड्यांत गुंडाळून लाकडी पेटीत ठेवलं तर दोन-तीन तासांत तेच घडतं. गॅस पंधरा मिनिटांचाच लागतो. पदार्थ भरपूर असावा, म्हणजे उष्णता टिकते, आणि जेवण्याआधी त्याला पुन्हा एक उकळी द्यावी. खर्चाच्या आक्षेपालाही हेच उत्तर आहे. स्लो कुकर परवडत नसेल त्याने मंद आच सोडायची गरज नाही.

तिसरा आक्षेप चवीचा. स्लो कुकरमधलं सगळं एकाच चवीचं, उकडल्यासारखं लागतं, अशी तक्रार असते. तक्रार रास्त आहे, पण दोष भांड्याच्या वापरात आहे. नव्वदीच्या ओल्या उष्णतेत काहीही खरपूस होत नाही. कांदा तांबूस होत नाही, खोबऱ्याला भाजल्याचा वास येत नाही, मोहरी तडतडत नाही. मराठी स्वयंपाकाची निम्मी चव तर याच गोष्टींत आहे. तेव्हा सगळं कच्चं भांड्यात टाकून बटण दाबायची परदेशी पद्धत आपल्या कामाची नाही. वाटण आधी भाजायचं, फोडणी शेवटी ताजी द्यायची, कोथिंबीर आणि गरम मसाला वाढताना घालायचा. मिळून वीस मिनिटांचं काम. ही वीस मिनिटं लक्ष देण्याची आहेत आणि ती तशीच राहावीत, कारण हात आणि नाक तिथेच कामाला येतात. उरलेले आठ तास माणसाच्या कौशल्याची गरज नसते. तिथे यंत्र असणंच रास्त.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. नवं यंत्र आलं की बाईचं काम कमी होतं, ही समजूत तपासून पाहणारं ‘मोअर वर्क फॉर मदर’ हे पुस्तक अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ मध्ये लिहिलं. त्यांनी दाखवलं, की औद्योगिक क्रांतीनंतर घरात आलेल्या यंत्रांनी पुरुषांची आणि मुलांची घरकामं आधी संपवली, स्वच्छतेच्या आणि जेवणाच्या अपेक्षा वाढवल्या आणि उरलेलं सगळं एकट्या गृहिणीच्या अंगावर टाकलं. हाच धोका स्लो कुकरलाही आहे. आता तर आपोआप शिजतं, मग रोज दोन पदार्थ जास्त का नकोत, असं म्हणणारं घर त्या भांड्याचा फायदा हिरावून घेईल. आपल्याकडची स्थिती तर आकड्यांतच दिसते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार सहा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया दिवसभरात बिनमोबदल्याचं घरकाम करत होत्या, आणि पुरुषांपैकी फक्त २६.१ टक्के. जे हे काम करत होते त्यांतही स्त्रियांचा रोजचा वेळ सरासरी २९९ मिनिटं होता आणि पुरुषांचा ९७. हे अंतर कुठलंही भांडं आपल्या बळावर भरून काढणार नाही.

तरीही हे भांडं एक शक्यता मोकळी करतं, आणि माझा सगळा भर तिच्यावर आहे. घरातली इतर माणसं स्वयंपाकापासून दूर राहतात त्याची दोन कारणं सांगितली जातात: जमत नाही आणि वेळ जुळत नाही. भाकरी थापणं, फोडणीची वेळ साधणं, पाक ओळखणं ही हाताची कामं आहेत. ती यायला वर्षं लागतात हे खरं. पण मसूर भिजवून, उकळून, मोजलेल्या पाण्याबरोबर भांड्यात घालून ‘लो’चं बटण दाबायला कुठलंही कसब लागत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला ते एका दिवसात येतं, साठीच्या आजोबांनाही येतं. वेळेचंही तेच. रात्री साडेदहाला भांडं भरणं हे काम ऑफिसातून उशिरा आलेल्या माणसालाही करता येतं. स्वयंपाक जेवणाच्या वेळेपासून सुटला की तो करणाऱ्या माणसापासूनही सुटू शकतो. अर्थात तो सुटतोच असं नाही, घराने तो सोडवावा लागतो. म्हणून भांडं घरात आलं त्या दिवशीच ठरवून टाकावं, की आठवड्यातले दोन दिवस ते भरायची जबाबदारी एरवी स्वयंपाक न करणाऱ्याची. भिजवण्याची आठवण ठेवणं, उकळी आणणं, सकाळी भांडं घासणं, हे सगळं त्यात आलं. यातला निम्मा भाग पुन्हा बाईकडे राहिला तर देखरेख कमी झाली नाही, फक्त तिची वेळ बदलली.

एवढा विचार केल्यावर स्लो कुकर घ्यावा की नाही याचं उत्तर घरागणिक वेगळं येईल, आणि यायलाच हवं. जिथे वीज भरवशाची नाही तिथे गोधडीची पेटी. जिथे दोनच माणसं आणि रोज वरण-भात-भाजी, तिथे प्रेशर कुकर पुरे. पण जिथे कामावर जाणारी माणसं, दात नसलेले वृद्ध आणि वाढती मुलं एकत्र आहेत, आठवड्यातून दोनदा कडधान्य किंवा मटण होतं आणि कण्या, खिचडा, खपलीची खीर वेळेअभावी बंद पडली आहे, तिथे साडेतीन-चार लिटरचं एक भांडं कामी येईल. सुरुवात अख्ख्या मसुराने करावी, मग काळे वाटाणे, मग पाय, मग खीर. चार पदार्थ हाताला बसले की पाणी आणि वेळ यांचा अंदाज येतो. महिन्याभराने त्या भांड्याची परीक्षा घ्यायची असेल तर किती मिनिटं वाचली हे मोजू नये. आधी ज्या व्यक्तीचं लक्ष सतत ओट्याकडे असायचं, तिचं लक्ष आता दुसऱ्या कशात लागू शकतं का, एवढं पाहावं. त्याचं उत्तर ‘हो’ असेल तर बारा रुपयांची वीज सत्कारणी लागली. उत्तर ‘नाही’ असेल तर भांडं बदलून उपयोग नाही, घरातली कामाची वाटणी बदलावी लागेल.